तिसावी ओळ

माझं अक्षर चांगलं आहे हे लहानपणापासून मला इतक्या लोकांनी सांगितलं की आपण माणूसही चांगलेच असू, असं मला वाटायला लागलं होतं. या अक्षरापायीच दुष्काळात मला शाळेतून उचलून जनावरांच्या छावणीवर बसवलं. मी तेव्हा तिसगावच्या बाजूला प्राथमिक शिक्षक होतो. शाळेत पोरं उरली नव्हती, आईबापांबरोबर खडी फोडायला गेली होती. दुसरे मास्तर असल्या कामाला नाकं मुरडत, मी मात्र खूश झालो. शेंबडी पोरं सांभाळण्यापेक्षा तहसीलच्या माणसांत ऊठबस झालेली बरी, असं माझं मत होतं.

छावणी उघड्या माळावर होती. भोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण, एक फाटक, फाटकाशी पत्र्याची शेड आणि शेडमध्ये टेबलामागे मी. आत सहाशेच्या वर जनावरं. प्रत्येकाच्या गळ्यात नंबराचा पत्र्याचा बिल्ला आणि प्रत्येकाची माझ्या रजिस्टरात एक ओळ: नंबर, मालक, गाव, गाय की बैल की म्हैस, रंग, दातांवरून वय, आणि शेवटी शेरा. शेऱ्यात ‘चालू’ असेल त्या जनावराला रोज एक पेंढी. राहुरीकडून ट्रकनं उसाचे वाढे, म्हणजे शेंड्याकडची हिरवी पानं, यायचे, कुठून कुठून गवत यायचं, ते बांधून सकाळी गडी पेंढ्या वाटायचे. किती पेंढ्या सोडायच्या ते मी सांगायचो. सहाशे जनावरांचा जीव माझ्या शेवटच्या रकान्यात होता आणि खोटं कशाला बोलू, मला त्याची गोडी लागली होती.

दोन-तीन दिवसांआड जीपमधून नायब तहसीलदार यायचे. त्यांना सगळे रावसाहेब म्हणत. माणूस हुशार, तुटक बोलणारा. त्यांनी एकदा मला दुसऱ्या एका छावणीची गोष्ट सांगितली होती. तिथं चारा कमी पडला म्हणून वरून लेखी हुकूम गेला, ‘भाकड व म्हातारी जनावरे कमी करावीत.’ बस्स, एवढाच. किती, ते लिहिलेलं नव्हतं. तिथला कारकून आज्ञाधारक. त्यानं पहिल्या पानापासून सुरुवात केली आणि शेवटच्या पानापर्यंत लाल शाई फिरवली. दुपारपर्यंत निम्मी छावणी रस्त्यावर उभी. लोकांनी जनावरं नेऊन कचेरीच्या दारात बांधली, ओरडा झाला, आणि निस्तरताना रावसाहेबांच्या नाकी नऊ आले. तेव्हापासून ते कुठलाही हुकूम आकड्याशिवाय लिहीत नसत.

“कारकुनाच्या हातात लाल शाई द्यायची तर थांबायचं कुठं ते आधी सांगावं लागतं,” ते म्हणाले. मला तो टोमणा आपल्याला नाही असंच वाटलं.

एका सोमवारी आमच्याकडेही ट्रक आला नाही. मंगळवारी रावसाहेब आले आणि जीपमधून न उतरताच त्यांनी चिठ्ठी दिली. भाकड व म्हातारी जनावरे उद्यापासून कमी करावीत, संख्या तीस. खाली रेघ मारून पुन्हा लिहिलं होतं, तिसापेक्षा जास्त नकोत. तोंडी म्हणाले, “मला उद्या तीस पेंढ्या वाचायला हव्यात. एकतीस नाही आणि एकोणतीसही नाही.” मी मान डोलावली आणि जीप गेली.

माझ्या रजिस्टरात भाकड आणि म्हाताऱ्या ओळी नव्वदीच्या घरात होत्या. त्यातल्या तीस कुठल्या, हे चिठ्ठीत नव्हतं आणि विचारायचं मला सुचलं नाही. सुचलं असतं तरी मी विचारलं नसतं, कारण ज्याला कळतं तो विचारत नाही अशी माझी समजूत होती. मी रजिस्टर पहिल्या पानापासून उघडलं. दुसरं काय करणार? वही पहिल्या पानापासूनच उघडते.

पण पहिली पानं कुणाची होती, हे मला पक्कं ठाऊक होतं. ती मीच भरली होती. छावणी उघडायच्या आधीच माळावर येऊन बसलेले लोक, ज्यांच्या गोठ्यात काडी उरली नव्हती, जे जामखेडच्या अंगानं चार-चार मुक्काम करत जनावरं चालवत आले होते, ते पहिल्या पानांवर. मधल्या पानांवर आसपासची गावं. आणि शेवटच्या पानांवर, छावणीत चारा बरा मिळतो हे कळल्यावर आलेली इथल्याच बड्यांची जनावरं, ज्यांच्या घरामागे कडब्याच्या गंजी झाकून ठेवलेल्या होत्या. मी शेवटच्या पानापासून सुरुवात केली असती तर कुणाचंही मेलं नसतं. फक्त संध्याकाळी ते बडे लोक माझ्या दारात आले असते, आणि मला त्यांची भीती वाटत होती. नियमाचं नाव पुढं करून मी ती भीती झाकली.

लाल शाईनं मी ‘चालू’वर काट मारत गेलो आणि पुढं ‘रद्द’ लिहीत गेलो. दर ओळीला पेन्सिलीनं आकडा टाकत होतो. तिसावी ओळ एका तांबड्या बैलाची आली. तिच्या खालची एकतिसावी, त्याच मालकाच्या बांड्या, अंगावर पांढरे पट्टे असलेल्या बैलाची. मला जोडी दिसली. दिसली नाही असं म्हणायला मला आवडेल, पण दिसली. मी टाक पुसला आणि रजिस्टर मिटलं.

तो मालक पन्नाशीचा, काटक, जामखेडच्या पलीकडच्या एका गावचा. छावणीत पहिल्या दिवशी दाखल झालेला. तांबडा उजवीकडे चालणारा आणि पुढं पुढं करणारा, म्हणून फाटकातून आधी तो आत आला आणि त्याचा नंबर आधी पडला. बांडा डावीकडचा, जरा संथ. दोघं एकाच वयाचे, एकाच हंगामात नांगराला धरलेले, दातही सारखेच झिजलेले. त्याची बायको गावीच राहिली होती, आणि ही दोन वासरं तिनं पिठाचा घाटा पाजून वाढवलेली आहेत हे तो छावणीत भेटेल त्याला सांगायचा. मलाही त्यानं तीनदा सांगितलं होतं.

बुधवारी सकाळी मी फाटकात उभा राहून नंबर पुकारले. बायका रडल्या, एका म्हाताऱ्यानं मला शिव्या घातल्या, सगळं मी गृहीत धरलेलं होतं. सगळ्यांच्या शेवटी हा पुढं आला.

“गुरुजी, तांबड्याचा नंबर घेतला, बांड्याचा घ्यायचा राहिला जनू.”

“राहिला नाही. बांडा आत आहे. तांबडा बाहेर.”

तो हसला, मी चेष्टा करतोय असं त्याला वाटलं. “गुरुजी, आसं कसं व्हईल? जोडी हाय ती. एक बैल घिऊन मी काय करू? नांगराला लावू का गाडीला? ठिवायचे तर दोनी ठिवा, न्हाईतर दोनी काढा.”

“तीस म्हणजे तीस,” मी म्हणालो. “तुझे दोन्ही काढले तर एकतीस होतात. दोन्ही ठेवले तर एकोणतीस. हुकूम वाचून दाखवू?”

त्याला वाचता येत नव्हतं, हे मला माहीत होतं, म्हणून तर मी तो कागद त्याच्या तोंडापुढं नाचवला. त्यानं तो हातात घेतला नाही. तो अगदी हळू, मला वाईट वाटू नये अशा बेतानं म्हणाला, “गुरुजी, रविवारी ती पांढरी गाय मेली. आमी तिघांनी वढून न्हेली. तिचा बिल्ला म्या तुमच्या हातात दिल्ता. ती धरली का तिसात?”

रविवारी त्यानं बिल्ला दिला तेव्हा मी जेवत होतो. डाव्या हातानं तो घेऊन मी सदऱ्याच्या खिशात टाकला आणि विसरलो. रजिस्टरात ती गाय अजून ‘चालू’ होती. म्हणजे सोमवारी, मंगळवारी आणि त्या दिवशीही तिच्या नावाची पेंढी सुटली होती आणि तिच्या रिकाम्या खुंट्याशी नेऊन टाकली होती, शेजारच्या जनावरांनी ती ओढून खाल्ली असणार. ती एक ओळ मी कापली असती तर एकोणतीस आणि ती मिळून तीस पेंढ्या वाचत होत्या. चिठ्ठीतला आकडा तसाच राहत होता, रावसाहेबांचा शब्द राहत होता, आणि तांबडा आत राहत होता. अडाणी माणसाला जे तोंडी जमलं ते मला वहीत जमलं नव्हतं.

भोवती वीसेक माणसं उभी होती. ‘विसरलो’ एवढा एकच शब्द म्हणायचा होता.

“ती कधीच कमी केली,” मी म्हणालो. “ती आधीची. या तिसात तिला धरता येत नाही.”

“आसं हाय व्हय,” तो म्हणाला. त्यानं लगेच विश्वास ठेवला. पाठीमागं कुणीतरी कुजबुजलं तर उलट त्यालाच म्हणाला, “गुरुजींनी लिवलंय म्हंजे बरुबरच आसंल.” आणि तांबड्याचं दावं सोडायला गेला.

मला अजून दुरुस्त करता आलं असतं. पण रजिस्टरात हुकमाबाहेर खाडाखोड झाली की त्यावर रावसाहेबांची सही लागायची, आणि का केली हे सांगावं लागायचं. तीन दिवस मेलेल्या गाईला चारा घातला, हे माझ्या तोंडानं सांगायचं? त्या छावणीवरून कचेरीत कायमचं जायचे वेध मला लागले होते. मी शेडमध्ये आलो, बिल्ला खिशातून काढला आणि टेबलाच्या खणात कागदांखाली सारला.

तांबडा बाहेर गेला म्हणजे कुठं गेला? कुंपणाच्या काट्यांपलीकडेच उभा राहिला. चार मुक्कामांवरच्या गावात खायला काही नव्हतं म्हणून तर तो इथं आला होता. बांडा आतून त्याच्या बाजूला तोंड करून उभा. मालक सकाळी बांड्याची पेंढी उचलायचा, निम्मी त्याच्यापुढं टाकायचा आणि निम्मी काट्यांवरून पलीकडे. दोन बैलांचा अर्ध्या-अर्ध्या पेंढीवर जीव तगला असता की नाही सांगता येत नाही. पण तो तसं करत होता आणि कुणाचं काही जात नव्हतं.

मीच ते बंद केलं. ‘रद्द जनावरास छावणीतील चारा देऊ नये’ असं कलम होतं, हे खरं. पण कलमासाठी मी ते केलं नाही. शेडमधून बसल्या जागी मला तो तांबडा दिसायचा, आणि तो दिसला की मला त्या माणसाचाच राग यायचा. असं का होतं ते मला आज कळतं, तेव्हा कळत नव्हतं. ज्याचं आपण वाईट केलं तो माणूस समोर भलेपणानं वावरायला लागला की त्याच्यासारखा दुसरा शत्रू वाटत नाही. मी गड्यांना सांगितलं, बांड्याची पेंढी त्याच्यापुढं सोडा आणि संपेपर्यंत तिथं उभे राहा. गडी माझ्याकडं विचित्र नजरेनं बघत होते. त्यातला एक म्हणाला, “गुरुजी, ऱ्हाऊ द्या की. बैलच हाय.” मी त्याला कामावरून काढायची धमकी दिली.

बांडा पहिल्या दिवशी खाईना. बाहेरून तांबड्यानं हंबरडा फोडला की हा मान वर करायचा आणि तोंडातला वाढा तसाच खाली पडायचा. मालक दोघांच्या मधे, काट्यांशी उकिडवा बसून असायचा. तो माझ्याशी भांडला असता तर किती बरं झालं असतं. त्यानं फक्त एकदा येऊन विचारलं, “गुरुजी, पानी तर पाजू का त्याला?” पाण्याबद्दल कलमात काही नव्हतं. मी म्हणालो, पाज.

तिसऱ्या दिवशी, शुक्रवारी, मी त्या पांढऱ्या गाईची ओळ काढली आणि पुढं लिहिलं: आज मयत. म्हणजे मरून गेलेली गाय माझ्या वहीत पाच दिवस जास्त जगली, रोज पेंढी खाऊन. अक्षर नेहमीसारखंच सुंदर आलं होतं.

शनिवारी तांबडा बसला तो त्याला उठवायला तिघं लागले. रविवारी जवळच्याच एका गावात जनावरांचा बाजार भरला होता. दुष्काळात म्हातारा बैल घेणारा शेतकरी कुठून येणार? घेणारे एकाच प्रकारचे होते, ट्रक घेऊन आलेले, आणि ते दात बघत नव्हते, पाठ चाचपत होते. मालक सकाळी तांबड्याला चालवत नेताना मी पाहिला. बांडा आतून ओरडत होता. दुपारी तो माणूस एकटाच परत आला. हातात दावं होतं, ते त्यानं बांड्याच्या खुंट्याला अडकवलं आणि तिथंच बसून राहिला. मी शेडमध्ये तोंडी बेरजा करत असल्याचं सोंग करत होतो.

सोमवारी दोन ट्रक आले. त्यांच्या मागोमाग रावसाहेबांची जीप आणि चिठ्ठी. कमी केलेली जनावरे पुन्हा दाखल करावीत, संख्या तीस. त्यांनी माझं रजिस्टर चाळलं, त्या तिसांखेरीज एकही खाडाखोड नाही हे पाहिलं आणि म्हणाले, “छान. असं काम हवं.” आयुष्यात इतकी घाण शाबासकी मला कधी मिळाली नाही. मी हात जोडले.

मी पुन्हा फाटकात उभा राहिलो आणि तेच तीस नंबर पहिल्यापासून पुकारले. काही जनावरं कुंपणाबाहेरच होती, ती आत आली. काहींचे मालक निघून गेले होते. शेवटचा, तांबड्याचा नंबरही पुकारला. तो पुढं आला. माझ्यासमोर येऊन, आपल्यालाच काही कळलं नाही अशा चेहऱ्यानं म्हणाला, “एका दिसाचाच फरक पडला की वो गुरुजी.”

आजूबाजूची माणसं पांगली तरी तो गेला नाही. मला वाटलं, आता तो गाईचं पुन्हा विचारणार, आणि या वेळी मी खरं सांगणार. मी मनात शब्दही जुळवले होते.

“गुरुजी, एक कागुद लिवून द्याल का?” तो म्हणाला. “मी बांड्याला घिऊन घरी चाललो. आता हितं ऱ्हाऊन काय करू? पन घरी गेल्यावर ती इचारंल, तांबडा कुटं हाय. तिला वाटंल मीच कट्टाळलो आन् इकून मोकळा झालो. माझ्या तोंडाचं ती खरं मानायची न्हाई. शाळंतल्या पोराकडून वाचून दाखवीन तिला. तुमचं आक्षर बघून तिला पटंल.”

मी कोरा कागद घेतला. टाक घ्यायला खण उघडला तर कागदांखालून गाईचा बिल्ला दिसला, टाक उचलून खण मी पटकन लावला. लिहिलं: सरकारी हुकुमानुसार तीस जनावरे कमी करणे भाग पडले. सदर बैलाचा क्रमांक नियमाने तिसावा लागला. मालकाने बैल ठेवण्यासाठी शक्य ते सर्व केले. एवढं मी त्याला वाचून दाखवलं. ‘शक्य ते सर्व केले’ ऐकून त्याचे डोळे भरून आले. त्यानं धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं.

“आनि गुरुजी,” तो म्हणाला, “आसं लिवा, की ह्यात कुनाचीबी चूक न्हाई. न्हाईतर ती तुमाला शिव्याशाप दील. बाईमानूस हाय, तिला काय कळतंय.”

मी लिहिलं, ‘यात कोणाचीही चूक नाही.’ खाली सही केली, तारीख घातली, आणि त्यानं सांगितलं म्हणून छावणीचा शिक्काही मारला.